चुन्याचा हात

दिवाळीचा अंक छापखान्यात धाडण्याची आणि घराच्या भिंतींना चुना देण्याची घटका प्रतिवर्षी एकाच पंधरवड्यात का यावी, याचे कारण ज्योतिषात नसून पर्जन्यमानात आहे. कारण चार महिने ओल पिऊन पोपडे धरलेल्या भिंती नवरात्र सरेपर्यंत वाळत नाहीत, आणि मग रंगाऱ्याची मजुरी ऐकून, हे काम घरच्या घरी उरकण्याचे फर्मान स्वयंपाकघरातून सुटते.

यंदा त्याची अंमलबजावणी दस्तुरखुद्द संपादकांनी केली. आदल्या रात्री पत्र्याच्या बादलीत चुनकळी विरवली, तेव्हा ती खदखदताना पाहण्यासाठी मुले अंथरुणातून उठून आली. त्यांना दूर ठेवण्याचा बंदोबस्त करावा लागला, कारण तिचा एक शिंतोडाही डोळ्यास घातक. सकाळी चुना गाळून, चिमूटभर नीळ घालून कुंचा फिरवला, तो भिंत पूर्वीपेक्षाही मळकट! ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो. वाळताना, हवेतील कर्बवायू शोषून तो पुन्हा दगडाच्या जातीचा होऊ लागतो, तेव्हाच त्याची शुभ्रता प्रकटते, हे ज्ञान आम्हांस दुसरा हात अकारण जाड दिल्यावर झाले, आणि तिसऱ्या दिवशी तेथे पापुद्रे सुटले.

आजवर जागचे न हललेले फडताळ सरकवले, तर मागे आईने कोळशाने मांडलेला दुधाच्या रतिबाचा हिशेब निघाला. तेवढा हातभर तुकडा तसाच ठेवावा, हा ठराव एकमताने मंजूर झाला.

अंकास आठ दिवसांची दिरंगाई झाली, तिची ही कैफियत.