पडणारे दात आणि न पडणारी दाढ

मुलाचा पहिला दात पडला की तो शेणात गुंडाळून घराच्या छपरावर फेकायचा, म्हणजे नवा दात चांगला येतो, अशी प्रथा महाराष्ट्रात अनेक घरांत होती. अकोला जिल्ह्यातील मातीची धाबी आणि कौले जाऊन सिमेंटची छपरे आली, तशी ही प्रथाही मागे पडली. तिच्या पोटात दडलेला समज मात्र अद्याप शाबूत आहे. दुधाचे दात हे पडण्यासाठीच येतात; मग ते किडले काय आणि झिजले काय, त्यांची चिंता कशाला, असा हा समज आहे. सुशिक्षित घरेही त्याला अपवाद नाहीत. परीक्षेतील एका गुणासाठी जिवाचे रान करणारे पालक मुलाच्या काळ्या पडलेल्या दाढेकडे पाहून निर्धास्तपणे म्हणतात, ‘दुधाचीच आहे, पडेल!’

ती पडेल हे खरे. परंतु केव्हा, याचा विचार कोणी करीत नाही. साधारणतः सहाव्या महिन्यापासून येऊ लागणारे दुधाचे वीस दात अडीच ते तीन वर्षांपर्यंत पूर्ण होतात. समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, हे सर्वांना दिसते. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहावयाच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन त्या बालकाने सहा-सात वर्षे काढावयाची, असा याचा अर्थ होतो. या काळात ते एका बाजूने चावते, कडक भाकरी टाळते, रात्री ठणका लागला की झोपत नाही आणि सकाळी वर्गात पेंगते. त्याचे लक्ष अभ्यासात नाही अशी तक्रार होते. पण ते लक्ष दाढेत अडकले आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशी दाढ अकाली काढावी लागली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेकडे कलतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताला वाट उरत नाही. पुढे वेड्यावाकड्या दातांना तारा बसविण्यासाठी जो खर्च होतो, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. किडीचा पू मुळाशी साठला तर हिरडीत घडत असलेल्या नव्या दातालाही बाधा पोहोचू शकते. दुधाचा दात हा कायमच्या दाताची जागा राखणारा पहारेकरी आहे. पहारेकरी बदलावयाचा आहे म्हणून त्याला आधीच उपाशी ठेवावे, असे कोणी म्हणत नाही.

यापेक्षाही गंभीर अशी एक गफलत सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, वर आणि खाली, दोन्ही बाजूंस एकेक अशा चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कोणताही जुना दात पडत नाही. त्यामुळे त्या आल्याचे घरात कोणास कळतही नाही. समोरच्या पडलेल्या दातांचे कौतुक चालू असताना या चार दाढा मुकाट्याने येऊन उभ्या राहतात आणि कोणी पाहिल्याच तर त्यांची गणना दुधाच्या दाढांत होते. वस्तुतः त्या कायमच्या असतात. कारकून ५८व्या वर्षी निवृत्त होतो. या दाढेला तशी मुभा नाही आणि तिच्या जागी दुसरी नेमणूकही होत नाही. तिच्या माथ्यावरील खाचा खोल असतात, त्यांत अन्नकण रुततात आणि नवे आवरण पुरते पक्के व्हावयाचे असते. सर्वांत दीर्घ सेवा जिच्याकडून घ्यावयाची, तीच दाढ सर्वांत आधी किडते, यामागची कारणे ही अशी आहेत.

दात किडतो तो कसा, हेही नीट समजून घेणे अगत्याचे आहे. तोंडातील जंतू साखर पचवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या आवरणातील क्षार विरघळविते. लाळ हे आम्ल निवळून गेलेले क्षार काही अंशी परत आणते. पण त्यास वेळ लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली, हेही निर्णायक ठरते. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ पासून काही वर्षे झालेल्या प्रयोगांत हे ठळकपणे दिसून आले. जेवणासोबत घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत खाल्लेल्या चिकट गोळ्यांनी दात कितीतरी अधिक किडले. मतिमंदांच्या रुग्णालयातील असहाय माणसांवर, त्यांच्या संमतीवाचून झालेले हे प्रयोग आज निंद्य ठरले आहेत आणि ते योग्यच होय. परंतु त्यांतून निघालेला बोध स्वीडनने घेतला आणि मुलांना गोड खाऊ रोज न देता आठवड्यातून एकदा, शनिवारी द्यावा, अशी शिकवण तेथे रूढ झाली.

अकोल्यातील शाळांना या शिकवणीचे वावडे असण्याचे कारण नाही. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटण्याची पद्धत आता खेड्यांतही पोहोचली आहे. पन्नास मुलांच्या वर्गात वर्षाकाठी पन्नास वाढदिवस येतात. ही चॉकलेटे जेवणाच्या वेळी वाटली जात नाहीत. ती मधल्या वेळेत, तासन्‌तास चघळली जातात. त्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे, बोरे किंवा पेरूच्या फोडी वाटल्या तर आनंदात कोणती उणीव येणार आहे? एका मुख्याध्यापकाच्या एका सूचनेने जे घडू शकते, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही.

घरची जबाबदारी त्याहून मोठी आहे. झोपेत लाळ कमी सुटते. म्हणून दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला निजविण्याची सवय त्याच्या समोरच्या दातांचा घात करते. पहिला दात दिसल्यापासून तो स्वच्छ केला पाहिजे आणि रात्री निजण्यापूर्वीचे दात घासणे सकाळच्यापेक्षा अधिक महत्त्वाचे मानले पाहिजे. ज्या हाताला दुरेघी वहीत अक्षर नीट बसविता येत नाही, त्या हाताला मागच्या दाढेची खाच साफ करता येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. सात-आठ वर्षांपर्यंत दात मोठ्यांनीच घासून द्यावेत.

यावर जुन्या पिढीचा आक्षेप ठरलेला असतो. पूर्वी लोक निंबाची नाही तर बाभळीची काडी चावीत आणि त्यांचे दात म्हातारपणापर्यंत टिकत, असे सांगितले जाते. परंतु त्याच पिढीत पन्नाशीला बोळके झालेलेही थोडे नव्हते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. शिवाय त्या काळी ज्वारीची भाकरी वेळेवर खाल्ली जात होती. दिवसभर पुड्या फोडल्या जात नव्हत्या. जुना आहार सोडून केवळ जुनी काडी परत आणल्याने दात वाचणार नाहीत.

फ्लोराइडयुक्त पेस्ट किडीपासून संरक्षण देते, हे सिद्ध झालेले आहे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू देऊ नये. मात्र वऱ्हाडात येथे एक सावधगिरी हवी. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरला आहे. पाण्याचा खारेपणा जिभेला कळतो. फ्लोराइड मात्र चवीने ओळखता येत नाही. ते अति झाले तर घडणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग कायमचे उमटतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांनी हे भोगले आहे. लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. आपल्या कूपनलिकेच्या पाण्याचा तपासणी अहवाल मागणे हा प्रत्येक गावाचा हक्क आहे आणि तो बजावला गेला पाहिजे.

शासनाचे साधनही हाताशी आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीड अंतर्भूत आहे. अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची निदान एकदा तपासणी व्हावी, अशी त्यात योजना आहे. परंतु तपासणीनंतरची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी पडून राहिली तर तपासणी व्यर्थ होय. विदर्भातील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून नागपुरात आहे. अकोल्यापासून ते सुमारे २५० किलोमीटर दूर. रोजंदारीवरील बापाने किडलेल्या दाढेसाठी ती वाट धरावी, असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. म्हणून दाढ किडण्यापूर्वीच तिच्या खाचा औषधी लेपाने बुजविण्याची सोपी, वेदनारहित सोय तालुक्याच्या रुग्णालयात असली पाहिजे आणि पहिली-दुसरीतील प्रत्येक मुलापर्यंत ती पोहोचली पाहिजे.

शिक्षकांवर अशैक्षणिक कामांचा बोजा आधीच असह्य झाला आहे, ही तक्रार रास्त आहे. तेव्हा या कामासाठी आणखी एक नोंदवही त्यांच्या माथी मारू नये. शालेय पोषण आहारानंतर मुले हात धुतात, तेव्हाच खळखळून चूळ भरण्याची शिस्त लावावी आणि चिठ्ठी मिळालेल्या मुलाच्या पालकांना एकदा विचारावे. एवढे पुष्कळ झाले. मोठ्या वर्गांत मात्र खर्ऱ्याविषयी स्पष्ट बोलावे लागेल. राज्यात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी विदर्भातील तरुणांचे तोंड खर्ऱ्याने आखडत आहे. त्यातील सुपारीने गालांच्या आतील त्वचा ताठरते, तोंड उघडेनासे होते आणि तंबाखू कर्करोगाला आमंत्रण देतो.

पहिलीत प्रवेश घेणाऱ्या मुलाला नवे दप्तर, नवा गणवेश, नवी पुस्तके मिळतात. ही सारी वर्षभरात जुनी होतात. त्याच वर्षी मिळालेल्या चार दाढा मात्र आयुष्यभर पुरवावयाच्या असतात. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक पालकाने मुलाला तोंड उघडावयास सांगून त्या कोठे आल्या आहेत एवढे पाहिले आणि त्या रात्री स्वतःच्या हाताने घासून दिल्या, तरी एका पिढीच्या दुखण्याला बराच आळा बसेल.