पूर्ववत म्हणजे कसं?



आमच्या सल्लाकेंद्रावर एक बाई कोर्टाचा कागद घेऊन आली. नवऱ्याने नांदायला येण्याचा दावा लावलेला. मी वाचून दाखवत होते : 'जाबदार हिने अर्जदाराकडे पूर्ववत नांदावयास यावे.' तिने मला मध्येच थांबवलं. "ताई, पूर्ववत म्हणजे आधीसारखंच ना? अहो, त्यातूनच तर उठून आले मी."

एरवी हा शब्द आपण वीज, पाणी, एस.टी. यांच्यासाठी वापरतो. बंद पडलेलं पुन्हा सुरू झालं. आधीचं ठीक होतं, हे त्यात धरलेलंच असतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मधली 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना' हेच धरून चालते.

या शब्दावर पहिलं बोट ठेवलं गेलं ते मुंबईतच. १८८४ साली दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर असा दावा लावला. लग्न त्यांच्या अकराव्या वर्षी झालेलं, पण त्या त्याच्या घरी कधी नांदल्याच नव्हत्या. जे कधी नव्हतंच त्याची पुनःस्थापना कशी, असं म्हणत न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली! अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि त्या शिकून डॉक्टर झाल्या.

हा दावा आपल्या धर्मशास्त्रातलाही नव्हे. तो इंग्रजांच्या चर्चच्या न्यायालयांतून आला. त्यांनी १९७० च्या कायद्याने तो रद्द केला, आपण मात्र संस्कृती म्हणून जपला. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने टी. सरिता प्रकरणात कलम ९ घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सरोज राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

आता कैद होत नाही. पोलीस बाईला ओढून नेऊ शकत नाहीत. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, आणि वर्षभर नांदणं झालं नाही की त्याच हुकमावर घटस्फोट मागता येतो. म्हणजे 'परत ये' म्हणणाऱ्याला ती परत हवी असतेच असं नाही. बहुतेक वेळा हा दावा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून येतो. इथे एक गोष्ट कार्यकर्तींनी लक्षात ठेवावी : केवळ असा हुकूम पाळला नाही म्हणून पोटगी नाकारता येत नाही, ती का गेली नाही हे पाहावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे.

ती बाई गेल्यावर मी आमचं रजिस्टर उघडलं. शेवटच्या रकान्यात पानोपानी एकच शेरा : 'समेट झाला, पूर्ववत नांदू लागली.' बऱ्याच ठिकाणी अक्षर माझंच. ही सगळी प्रकरणं आम्ही अहवालात यशस्वी म्हणून मोजली होती. त्यांतल्या किती जणींकडे सहा महिन्यांनी कुणी जाऊन आलं?

तो शेरा आम्ही बंद केला आहे. आता लिहितो : कोणत्या अटींवर गेली, अटी कुणासमोर ठरल्या, पुन्हा भेटायचं कधी. रकाना पुरत नाही, कागद जोडावा लागतो. तुमच्या केंद्रात काय लिहिता, ते कळवा.