खातेदाराची माहिती कोणाची?

राष्ट्रीय राजधानी परिक्षेत्रातील शाखांमध्ये खासगीपणाचा कायदेशीर प्रश्न फार साध्या शब्दांत विचारला जातो. ‘आमच्या भाडेकरूचा पगार जमा झाला का, एवढेच सांगा,’ असे नोएडातील एखादे घरमालक म्हणतात. ‘मुलीच्या खात्यातून एवढी रक्कम गेली कोठे?’ ही वडिलांची काळजी असते. ‘पत्नीचेच खाते आहे, शिल्लक सांगायला अडचण कसली?’ हा प्रश्न तर वारंवार येतो. नकार मिळाला की विचारणाऱ्यास तो बँकेचा ताठरपणा वाटतो. परंतु या नकारामागे शंभर वर्षांचा कायदा उभा आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते.

इंग्लंडमध्ये १९२४ साली टूर्नियर या खातेदाराचा दावा अपील न्यायालयापुढे आला. त्याच्याकडे बँकेचे अवघे नऊ पौंड आणि काही शिलिंग येणे होते. शाखा व्यवस्थापकाने त्याच्या मालकाकडे दूरध्वनी केला आणि बोलता बोलता तो पैजा लावतो, असेही सुचविले. टूर्नियरची नोकरी गेली. खातेदाराविषयी मौन राखणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याची सक्ती, सार्वजनिक हिताचे कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि खातेदाराची संमती हे चार अपवाद तेव्हाच आखले गेले व आपल्याकडेही ते मानले जातात. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी तर १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याच्या कलम १३ मध्ये हे बंधन स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. सेवेत येताना निष्ठा व गोपनीयतेच्या ज्या प्रतिज्ञापत्रावर आपण सही करतो, त्याचे मूळ याच कलमात आहे.

माझ्या मते प्रत्येक बँक कर्मचाऱ्याने जाणून घ्यावा असा खरा निर्णय मात्र २००४ मधील आहे आणि तो याच दिल्लीत, सर्वोच्च न्यायालयात झाला. आंध्र प्रदेशाने १९८६ मध्ये मुद्रांक कायद्याच्या कलम ७३ मध्ये दुरुस्ती केली होती. जिल्हाधिकाऱ्याने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती मुद्रांक शुल्क चुकविल्याच्या संशयावरून बँकेत शिरून खातेदारांचे दस्तऐवज तपासू शकेल, त्यांच्या नकला घेऊ शकेल, ते ताब्यातही घेऊ शकेल, अशी ती तरतूद होती. कॅनरा बँकेने तिला आव्हान दिले आणि उच्च न्यायालयात बँकेच्या बाजूने निकाल लागला. त्यावरील अपील १ नोव्हेंबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. सरन्यायाधीश लाहोटी यांच्या निकालपत्रातील विचार असा, की खासगीपणाचा हक्क व्यक्तीचा असतो, जागेचा नव्हे. म्हणून कागद घरातून बँकेत आला तरी तो हक्क त्याच्याबरोबरच येतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये नेमके उलट म्हटले होते. कागद बँकेला दिला की त्यावरील खासगीपणाची अपेक्षा संपली, हे ते मत आपल्या न्यायालयाने स्वीकारले नाही.

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. त्या पीठावर न्या. धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे न्या. शरद बोबडे होते.

आता पुन्हा पतीपत्नींच्या खात्याकडे येऊ. खातेउतारा केवळ आकडे सांगत नाही. कोणत्या डॉक्टरकडे पैसे गेले, कोणत्या वकिलाला, माहेरी किती पाठविले, हे सारे त्यात दिसते. एखादी स्त्री स्वतंत्र खाते उघडते तेव्हा त्यामागे साधी सोय असेल किंवा घरातील मारझोडीतून बाहेर पडण्याची तयारीही असेल. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला ते कळण्याचा मार्ग नाही आणि कळण्याची गरजही नाही. आपुलकीने सांगितलेला एक आकडा तिला फार महाग पडू शकतो. म्हणून विवाहाचा दाखला दाखविला तरी माहिती मिळत नाही, त्यासाठी खातेदाराचे लेखी अधिकारपत्र लागते. सज्ञान मुलीच्या वडिलांनाही हेच लागू. संयुक्त खात्याची गोष्ट अर्थात वेगळी, तेथे प्रत्येक खातेदार सर्व व्यवहार पाहू शकतो. नामनिर्देशित व्यक्तीला खातेदार हयात असेपर्यंत शिल्लक विचारण्याचा हक्क नसतो. पोलिसांनाही ओळखीवर किंवा तोंडी सांगण्यावर माहिती देता येत नाही, सक्षम अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवाच.

येथवर बँकांची बाजू भक्कम आहे. पण खाते उघडताना घेतलेली माहिती खातेदाराच्या स्पष्ट परवानगीशिवाय अन्य उत्पादनांच्या विक्रीसाठी वापरू नये, असे रिझर्व्ह बँकेचे केवायसी निर्देश सांगतात. तरीही मुदत ठेव संपताच विमा घेण्याचा आग्रह करणारा दूरध्वनी कोणाला आलेला नाही? पतीला पत्नीची शिल्लक न सांगणाऱ्या व्यवस्थेनेच विक्रीचे उद्दिष्ट गाठण्यासाठी तिच्या ठेवीची तारीख वापरावी, हे मला पटत नाही. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या वाक्यापुढील खूण ही परवानगी मानण्याची सवय मोडायला हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि पूर्ण माहितीवर आधारित असावी लागते आणि ती मागे घेणे, देण्याइतकेच सोपे असावे लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. गुरुग्रामच्या सोसायटीच्या फाटकावरील वहीत आपण नाव, भ्रमणध्वनी क्रमांक लिहितो, ती नोंद संगणकात चढेपर्यंत त्याच्या कक्षेत येत नाही.

खातेदारांच्या हातीही बरेच आहे. भाडेकराराला, सिमकार्डाला, वसतिगृहाला आधारची पूर्ण प्रत देण्याऐवजी शेवटचे चारच अंक दाखविणारे मास्क्ड आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येते आणि जेथे ते चालते तेथे तेच द्यावे. शाखेत देताना प्रतीवर तारीख आणि ‘केवळ केवायसीसाठी’ असे लिहून सही केली, तर कोणी कर्मचारी हरकत घेणार नाही. आणि रांगेत उभ्या असलेल्या खातेदाराची शिल्लक काचेआडून मोठ्याने सांगण्याऐवजी आपण ती चिठ्ठीवर लिहून सरकवली, तर त्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.