मुसा रेमू

लग्नसराई आली की कनेरगाव नाक्यावरची माणसं बस्ता बांधायला एक तर हिंगोलीला जातात, नाही तर वाशीमला. नवरदेवाच्या सुटाचं कापड काढलं की एक नाव हमखास निघतं : रेमंड. ठाण्याच्या गिरणीनं ते घरोघर पोचवलं आणि कापडाचं नाव म्हणून रेमंड अगदी बरोबर आहे. पण आमच्या जुन्या निजामी मुलखाची या नावाशी ओळख गिरणीच्या कितीतरी आधीची आहे आणि तेव्हा इथं कुणी त्याला रेमंड म्हणत नव्हतं.

मिशेल झोआकीम मारी रेमंड. जन्म 1755, दक्षिण फ्रान्समधल्या गास्कनीत. विशीत पाँडिचेरीला उतरला आणि पुढं निजाम अली खानाच्या पदरी कवायती फौजेचा सरदार झाला. हैदराबादेत त्यानं तोफा ओतवल्या, पलटणी उभ्या केल्या. मार्च 1795 मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम भिडले तेव्हा निजामाकडून हा लढत होता, तर समोर शिंद्यांच्या पलटणी घेऊन उभा होता पेराँ, म्हणजे दुसरा फ्रेंचच! खर्ड्याची लढाई शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. हे दोघं मात्र त्यातून गळून जातात आणि कुणी सांगितलेच तर त्यांची नावं इंग्रजी स्पेलिंगवरून वाचलेली असतात.

त्या काळच्या मराठी कागदांत हा माणूस 'मुसा रेमू' म्हणून येतो. 'मुसा' म्हणजे फ्रेंचांचं 'मस्यो', आपलं 'श्रीयुत'. त्याच चालीवर फ्रेंच सेनानी बुसीचा 'मुसा बुसी' झाला. आणि 'रेमू' ऐका. फ्रेंच माणूस या नावातला शेवटचा 'ड' उच्चारतच नाही. तो म्हणतो 'रेमाँ'. मोडीत लिहिणाऱ्या कारकुनापुढं स्पेलिंग नव्हतं, नुसता कान होता, म्हणून त्याला न उच्चारलेला 'ड' ऐकूच आला नाही. शेवटचा नाकातला स्वर तेवढा त्यानं 'ऊ'कडं झुकवला. आज आपण छापील अक्षरं बघून 'रेमंड' म्हणतो. त्यापेक्षा तो कारकून मूळ उच्चाराच्या फार जवळ होता, असं मी ठामपणे म्हणेन.

नाव मुळात जर्मन वळणाचं. मध्ययुगात फ्रान्सच्या दक्षिणेत ते रुजलं, तूलूझच्या सरदार घराण्यात तर पिढ्यान्‌पिढ्या चाललं. त्यातला चौथा रेमंड पहिल्या धर्मयुद्धात होता. पुढं नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडात गेलं आणि तिथं 'ड' वाजू लागला. आपल्याकडंही तेच घडलं. 25 मार्च 1798 ला रेमंड हैदराबादेत वारला आणि त्याच साली इंग्रजांनी निजामाशी तह करून त्याच्या फ्रेंच पलटणी निःशस्त्र केल्या. नंतर आमच्या हिंगोलीत छावणी पडली ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची. फ्रेंच बोलणारी तोंडंच गेल्यावर नाव इंग्रजांच्या तोंडचं उरलं.

हैदराबादेतल्या साध्या माणसांनी मात्र त्याला आपल्या घरचं नाव दिलं. हिंदूंनी मुसा राम म्हटलं, मुसलमानांनी मुसा रहीम. त्यावरूनच मुसारामबाग हे नाव पडलं आणि आज तिथल्या मेट्रो स्टेशनावरही तेच आहे. आमच्या भागातून पूर्णेमार्गे काचीगुड्याला जाणाऱ्यांना ती वस्ती परकी नाही. राम आणि रहीम हे उच्चार मी चुकीचे मानत नाही. ज्याच्यावर लोकांचा जीव होता, त्याला लोकांनी हाक मारली आहे ती.

स्पेलिंगवरून नाव वाचण्याचा त्रास आम्हाला चांगलाच माहीत आहे. बाहेरगावी कुणी औंढ्याचं 'औंधा' करतं, कळमनुरीचं 'कलामनुरी'. ते ऐकून जीव चरफडतो. मग दुसऱ्याच्या नावाशी आपण तसं का वागावं?

रेमंडचं नाव घेणं अवघडही नाही. 'हां, बरोबर' म्हणताना 'हां' जसा नाकातून निघतो आणि ओठ मिटत नाहीत, तसंच शेवटचं 'माँ' म्हणायचं. ओठ मिटले की 'रेमॉम' होतं, जीभ टाळूला टेकली की 'रेमॉन', दोन्ही टाळायचं. पहिला 'र' फ्रेंच लोक घशातून काढतात, उर्दूतल्या 'ग़रीब'च्या 'ग़'जवळून. दखनी कानावर पडत आलेल्या आमच्या माणसाला तो साधेलही. नाही साधला तर मराठी 'र' चालेल.

खर्डा शिकवताना गुरुजींनी एवढं एक करावं : रेमाँ आणि पेराँ असं मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यावं. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या करणारा डी बॉईनही आलाच त्यात. त्याचं नाव खरं 'द ब्वाञ', आणि मुळाक्षरांत नुसताच गिरवला जाणारा 'ञ' तिथं मुलांना तोंडानं म्हणायला मिळेल.