पानिपत १७६७ साली? पर्ल शिकणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी

मंडळी, आजच्या धाग्यात लढाई नाही, किल्ला नाही. एका नवशिक्याच्या संगणकीय स्क्रिप्टमध्ये हमखास होणारी चूक आहे. पण ही चूक पानिपतचे युद्ध सहा वर्षे पुढे ढकलते आणि वसईच्या तहाला लॉर्ड कर्झनच्या दारात नेऊन बसवते. म्हणून तिला या मालिकेत जागा देणे भाग आहे. अशी चूक अडली की प्रश्न कुठे विचारावा, याविषयी माझे एक ठाम मत आहे. तेही ओघाने येईल.

पेशवेकालीन पत्रांत वर्ष पुष्कळदा अंकांत नसते, अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकक आधी, मग दशक, मग शतक, शेवटी सहस्र. बेरीज ११६१. हा शुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की याचे नवे वर्ष लागते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. पेरणीच्या आणि महसुलाच्या हिशेबाला ते सोयीचे होते. मोटमापाचा नियम असा: जून ते डिसेंबर या काळातील पत्र असेल तर शुहूर सनात ५९९ मिळवावेत, जानेवारी ते मे असेल तर ६००. पानिपतचा दिवस १४ जानेवारी. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. हिशेब जुळला.

एका पत्रासाठी हे बोटांवर होते. चारशे पत्रांची टंकलिखित लिप्यंतरे समोर असतील आणि ती कालानुक्रमे लावायची असतील, तर बोटे अपुरी पडतात. इथे पर्ल उपयोगी पडते. १८ डिसेंबर १९८७ रोजी लॅरी वॉल यांनी ही भाषा जगासमोर ठेवली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे, आणि भाषेचा मूळ उद्देश मजकुरातून हवे ते वेचून त्याचा अहवाल मांडणे. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे निम्मे आयुष्य यातच जाते. पर्ल आता जुनी झाली, पायथन शिका, असे सांगणारे भेटतील; त्यांच्याशी माझे भांडण नाही. लिनक्स असलेल्या जुन्या संगणकावर ती बहुधा आधीपासून बसलेली असते आणि लिप्यंतरे चाळण्यास पुरेशी असते, इतकेच.

आता चूक पाहू. नवशिका एक हॅश तयार करतो: डावीकडे शब्द, उजवीकडे किंमत. ‘खमस’ पाच, ‘खमसैन’ पन्नास, ‘सित’ सहा, ‘सितैन’ साठ, याप्रमाणे. मग तो प्रत्येक शब्द वर्षाच्या ओळीत सापडतो का ते पाहतो आणि सापडला की किंमत बेरजेत टाकतो. पहिली चाचणी नागपूरकराने घ्यावी ती पहिल्या रघूजी भोसल्यांच्या निधनाची: फेब्रुवारी १७५५, शुहूर ११५५, ‘खमस खमसैन मया व अलफ’. उत्तर बरोबर येते. हा माणूस आनंदाने चहा प्यायला जातो.

उत्तर योगायोगाने बरोबर आले आहे, हे त्याला कळायला मार्ग नाही. ‘खमसैन’ या शब्दाच्या पोटातच ‘खमस’ बसला आहे. रघूजींच्या वर्षात दोन्ही शब्द खरोखरच होते, म्हणून चूक झाकली गेली. पानिपतच्या ओळीत मात्र ‘सितैन’ आहे आणि त्याच्या पोटात ‘सित’ आहे. साठाबरोबर सहाही बेरजेत येतात, ११६१ चे ११६७ होतात आणि पानिपत १७६७ साली, म्हणजे माधवराव पेशव्यांच्या ऐन कारकिर्दीत घडते. ‘मयातैन’ म्हणजे दोनशे. त्याच्या पोटात ‘मया’. वसईचा तह ३१ डिसेंबर १८०२ चा, ‘सल्लास मयातैन व अलफ’, म्हणजे १२०३. स्क्रिप्ट सांगते १३०३. त्यात ५९९ मिळवा: १९०२. दुसरा बाजीराव कर्झनच्या राजवटीत तह करताना दिसू लागतो.

यातली खरी भीती वेगळीच आहे. १९०२ पाहून कोणीही हसेल आणि चूक दुरुस्त करील. पण अर्बैन, सबैन आणि तिसैन, म्हणजे चाळीस, सत्तर आणि नव्वद, यांच्या पोटात एककाचा शब्द नाही. तिथे स्क्रिप्ट बिनचूक चालते. नारायणरावांचा खून ऑगस्ट १७७३, ‘अर्बा सबैन’: बरोबर. खर्ड्याची लढाई मार्च १७९५, ‘खमस तिसैन’: बरोबर. तीन चाचण्या पार पडल्या की विश्वास बसतो. मग तिशीतले एखादे पत्र तीन वर्षांनी आणि ऐंशीतले आठ वर्षांनी निमूटपणे सरकते. अशी तीन वर्षे कोणाला खुपत नाहीत. ती प्रबंधाच्या तळटीपेत जातात आणि तिथून दुसऱ्याच्या प्रबंधात.

समजा चूक लक्षात आली. कोणी सांगते की शब्दाच्या दोन्ही अंगांना शब्दसीमेची खूण लाव, म्हणजे पूर्ण शब्दच जुळेल. सल्ला योग्य आहे. खूण लावली की स्क्रिप्ट काहीच शोधेनाशी होते, सगळ्या बेरजा शून्य. नवशिका इथे हताश होतो, कारण योग्य औषधाने दुखणे वाढले. कारण असे की आपण सांगितल्याशिवाय पर्ल देवनागरी अक्षरे ओळखत नाही, नुसते बाइट पाहते. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो; युनिकोडच्या दृष्टीने ती पाच चिन्हे आहेत (म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी) आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. नुसत्या बाइटांच्या राशीत शब्द कुठे संपतो हे पर्लला कळत नाही, त्यामुळे सीमाही सापडत नाही. स्क्रिप्टच्या आरंभी ‘यूज यूटीएफएट’ लिहावे लागते, आणि फाइल उघडताना व छापताना तिचे संकेतन सांगावे लागते. ते केले की तीच खूण बिनबोभाट काम करते. पर्लमधील युनिकोडची हाताळणी २००२ मध्ये आलेल्या ५.८ या आवृत्तीपासून भरवशाची झाली. त्याआधीच्या पुस्तकावरून शिकणाऱ्याला हे सापडणार नाही. ग्रंथालयांत बहुधा तीच पुस्तके असतात.

अनुभवी माणूस मात्र म्हणेल की इथे शब्दसीमा हवीच कशाला? ओळ जागेवर तोडावी, एकेक शब्द घ्यावा, हॅशमध्ये पाहावा, ‘व’ सोडून द्यावा. सात ओळींत काम. हे उत्तर सर्वांत चांगले आहे. पण ते कोण देईल? बाइटांची भानगड अमेरिकेतला जाणकारही सांगेल, पण खमस आणि खमसैन हे दोन वेगळे आकडे आहेत हे त्याला ठाऊक नाही. मोडी वाचणाऱ्या आपल्या अभ्यासकाला ते ठाऊक आहे, पण त्याला हॅश ठाऊक नाही. नागपुरात विद्यापीठाचा इतिहास विभाग आहे आणि व्हीएनआयटीही आहे. धंतोलीतून दोन्हीकडे दुचाकीने सहज जाता येते. पण या दोन ठिकाणची मुले एकमेकांना क्वचितच भेटतात. ती भेटतील ती उघड विचारलेल्या प्रश्नावरच.

म्हणून माझे मत असे, की स्क्रिप्टचा प्रश्न खासगीत विचारू नये. ओळखीच्या एका अभियंत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘दादा, जरा बघ ना’ असे लिहिले की दादा स्क्रिप्ट दुरुस्त करून पाठवतो. काम होते. पण पुढच्या महिन्यात कोल्हापूरचा कोणी याच सितैनपाशी अडतो तेव्हा त्याच्यासाठी काहीच उरलेले नसते. चॅटबॉटला विचारल्यानेही हेच घडते: उत्तर कदाचित चांगले मिळेल, पण ते एका माणसाच्या खिडकीत उगवते आणि तिथेच मावळते. त्यावर कोणी ‘थांबा, तिशीत हे चुकेल’ असे म्हणणारा नसतो.

आपल्याच क्षेत्राचा इतिहास पाहा. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. कागद सापडले की ते छापून सर्वांपुढे ठेवायचे, निष्कर्षांवर मग वाद होऊ द्यायचा, हा त्यांचा बाणा. त्याच वेळी घरोघर दप्तरे कुलपात होती आणि मालक ती दाखवायला राजी नसत. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि सापडलेले कागद, टाचणे, शंका सभेत मांडून छापण्याची रीत पडली. १९१६ मध्ये टिळकांनी मिळवलेली जेधे शकावली मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तिच्यात शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. शकात सरसकट ७८ मिळवणारा नवशिका १६२९ वर उतरतो. पण फाल्गुन वद्य जानेवारीच्या पुढे पडते, तेव्हा ७९ मिळवावे लागतात आणि १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस येतो. त्या तिथीवर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. तो छापील पानांवर झाला, म्हणूनच आज आपण त्यातला प्रत्येक टप्पा वाचू शकतो.

पर्लच्या लोकांनी हे आपल्या पद्धतीने केले. नवशिके पुन्हा पुन्हा तेच विचारतात याचा त्यांना वैताग आला, यात नवल नाही. त्या वैतागातून त्यांनी प्रश्न आणि उत्तरे नऊ भागांत लावली आणि ती भाषेबरोबरच द्यायला सुरुवात केली. आजही ‘पर्लडॉक’ ही आज्ञा देऊन ‘पर्लएफएक्यू’चा चौथा भाग उघडला की माहिती हाताळण्याविषयीचे प्रश्न समोर येतात. कोणे एके काळी कोणीतरी लाजत विचारलेले प्रश्न त्या भाषेच्या अधिकृत दस्तऐवजाचा भाग झाले. मला हे फार मोलाचे वाटते; आपल्या विद्याशाखेत प्रश्नाला इतका मान अजून मिळत नाही.

लाजेचा मुद्दा मात्र खरा आहे. पर्लच्या जगात तुसडेपणा कमी नव्हता. ‘आधी पुस्तक वाच’ हे उत्तर आणि ‘दप्तर आज उघडता येणार नाही’ हे उत्तर, दोन्ही मला एकाच घराण्यातली वाटतात. उलट पूर्ण स्क्रिप्ट लिहून हातात ठेवणे हीही मदत नव्हे, कारण घेणाऱ्याला सितैनची गोम कळतच नाही आणि तो तीच स्क्रिप्ट पुढच्या दप्तरावर चालवतो. सर्वांत चांगले उत्तर बहुतेक वेळा गेल्याच आठवड्यात शिकलेला देतो. काटा कुठे टोचला होता हे त्याला अजून आठवत असते. पंडित ते केव्हाच विसरलेला असतो.

आणि विचारणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. धंतोलीत दर दुसऱ्या पाटीवर डॉक्टरांचे नाव असते, त्यामुळे उदाहरण तिथलेच देतो. दवाखान्यात ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगून कोणी गप्प बसत नाही. कुठे दुखते, कधीपासून, काय खाल्ले होते, हे सांगावे लागते. ‘स्क्रिप्ट चालत नाही’ हे वाक्य तसेच अपुरे आहे. आठ-दहा ओळींची लहान स्क्रिप्ट द्यावी, तीच चूक दाखवणाऱ्या वर्षांच्या दोन ओळी द्याव्यात, काय अपेक्षित होते आणि काय आले ते लिहावे. आरंभी ‘यूज स्ट्रिक्ट’ आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ लिहून पाहावे. निम्मे प्रश्न तिथेच विरतात. संदेश इंग्रजीत आला तर तो जसाच्या तसा उतरवावा, आपल्या शब्दांत नव्हे. दस्तऐवज उतरवताना आपण शुद्धलेखन सुधारत नाही, त्याच न्यायाने. आणि उत्तर मिळाल्यावर ‘झाले, धन्यवाद’ म्हणून निघून न जाता चाललेली स्क्रिप्ट तिथेच ठेवावी.

एक इशारा. शक दिनदर्शिकेची तयार मॉड्यूल मिळतात, पण ती २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेसाठी असतात. ती सौर आहे. तिला शुद्ध-वद्य ठाऊक नाही. पेशवाईतली तिथी तिच्यावर सोपवू नये. चांद्र तारखांसाठी मोडक किंवा खरे जंत्रीच पाहावी, कारण तिथे नुसत्या बेरजेने भागत नाही.

आता कामाचे. शुहूर शब्दांची वर वापरलेली रूपे छापील ग्रंथांत एकसारखी नसतात: सल्लास कुठे सलास होते, इहिदे कुठे इहीदे, सित कुठे सीत. हॅशमध्ये ही सगळी रूपे घालावी लागतील आणि ती एकट्याने जमवणे अशक्य आहे. तुमच्या वाचनात आलेली वेगळी रूपे खाली लिहा. ग्रंथ, खंड आणि लेखांक द्या. ज्यांना पर्ल येते त्यांनी आपली स्क्रिप्ट पानिपत, वसईचा तह आणि सालबाईचा तह (१७ मे १७८२, ‘इसन्ने समानीन मया व अलफ’) या तीन ओळींवर चालवून आलेले आकडे खालीच टाकावेत, चुकले असले तरी.