संमतीपत्र समजावणारा आपला हवा

चांदूर रेल्वे तालुक्यात बी.एस्सी., नर्सिंग झालेली आपली मुले-मुली कामाच्या शोधात आहेत. त्यांना क्लिनिकल रिसर्चचे, म्हणजे माणसांवरील औषधचाचणीच्या कामाचे, प्रशिक्षण मिळावे म्हणून शासकीय अनुदानाचे अर्ज झालेच पाहिजेत. प्रश्न केवळ नोकरीचा नाही. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यात २००९ साली आदिवासी मुलींना एचपीव्ही लस टोचली गेली, तेव्हा अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर ताशेरे ओढले. २०१९ च्या नियमांनुसार निरक्षर रुग्णाची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो. पण त्याला वऱ्हाडीत धोका समजावून सांगणारा, ‘नाही म्हणायचा हक्क तुला आहे’ असे बजावणारा कार्यकर्ता कोण घडवणार?

महाविद्यालयांनी, संस्थांनी बार्टीकडे व सामाजिक न्याय विभागाकडे प्रस्ताव पाठवावेत. प्रस्तावच नसतील तर निधी अखर्चित राहतो आणि दोष समाजाच्या माथी येतो. १९१३ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. घेतलेल्या पैशाचे त्यांनी समाजासाठी सोने केले. अनुदान ही भीक नव्हे, हक्क आहे. अर्ज करा, पाठपुरावा करा आणि पै-पैचा हिशेब समाजापुढे ठेवा!