राउटर नवा, लॅपटॉप जुना

मोबाइलवर वायफाय सुरळीत चालते, पण त्याच घरातल्या लॅपटॉपच्या यादीत त्या वायफायचे नावच येत नाही. अशा वेळी गिऱ्हाइकाला दोन उत्तरे हमखास मिळतात. जोडणी करणारा सांगतो, राउटर ठीक आहे, लॅपटॉप दाखवून घ्या. दुरुस्तीवाला सांगतो, लॅपटॉप जुना झाला, आता नवा बघा. शहरात या दोघांची दुकाने दोन गल्ल्यांच्या अंतरावर असतात. कसाऱ्यासारख्या गावातून मात्र कल्याण गाठावे लागते, सुमारे 67 किलोमीटर. लॅपटॉप पाठीवर टाकून लोकलने जायचे-यायचे म्हणजे कामाचा दिवस मोडलाच. आणि बऱ्याचदा दोन्ही यंत्रे धडधाकट असतात.

धडधाकट यंत्रेही एकमेकांशी का जुळत नाहीत, हे कसाऱ्यात रेल्वेच्या उदाहरणाने समजावून सांगणे त्यातल्या त्यात सोपे आहे. मुंबईकडून इगतपुरीपर्यंतची रेल्वे अनेक दशके 1500 व्होल्ट डीसी विजेवर धावत होती आणि इगतपुरीच्या पुढे 25 हजार व्होल्ट एसीवर. रूळ तेच, डबे तेच, तरी इगतपुरीला इंजिन बदलावे लागे. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिने आली आणि नंतर कसारा घाटातला पुरवठाही एसी झाला. वायफायच्या मानकांत ही दुहेरी सोय बऱ्याच अंशी सुरुवातीपासून ठेवलेली आहे. 1999 चे 802.11बी, 2003 चे जी, 2009 चे एन, 2013 चे एसी आणि वायफाय 6 या नावाने ओळखले जाणारे एएक्स अशा पिढ्या आल्या. एकाच लहरीवर काम करणाऱ्या नव्या पिढीने जुन्या पिढीशी जुन्या पद्धतीने बोलायचे, असा दंडक आहे. वेग कमी मिळेल, पण जोडणी व्हावी.

‘एकाच लहरीवर’ ही त्यातली मेख. वायफाय प्रामुख्याने 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत चालते. 802.11एसी ही पिढी फक्त 5 च्या पट्ट्यात आहे, तर स्वस्तातल्या आणि जुन्या कित्येक लॅपटॉपमधले वायफाय कार्ड फक्त 2.4 चे असते. राउटरवर 2.4 चा पट्टा बंद केलेला असेल, तर त्या लॅपटॉपच्या दृष्टीने घरात वायफाय नाहीच. 5 चा वेग जास्त असला तरी भिंती ओलांडताना तो लवकर क्षीण होतो, म्हणून जाड भिंतींच्या किंवा ऐसपैस घरात 2.4 चालू ठेवणे तसेही शहाणपणाचे. त्याला वेगळे नाव दिले की कोणता पट्टा कोणाला दिसतो हे घरातल्या कोणालाही तपासता येते.

पट्टा जुळूनही नाव दिसत नसेल तर चॅनेल, म्हणजे पट्ट्याचा उपविभाग, पाहावे. भारतात 2.4 च्या पट्ट्यात 13 चॅनेल वापरता येतात, अमेरिकेत व्यवहारात 11. अमेरिकी मापाने बसवलेले कार्ड 12 आणि 13 कडे पाहतच नाही. राउटरने आपणहून 13 वे चॅनेल निवडले की सकाळपर्यंत चाललेला लॅपटॉप दुपारी आंधळा होतो आणि राउटर बंद-चालू केल्यावर कधी कधी ‘आपोआप’ बरा होतो. अशा चमत्काराने दुरुस्तीवालाही चकतो. चॅनेल 1, 6 किंवा 11 वर कायम केले की हा खेळ थांबतो.

सर्वांत फसवा प्रकार ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा. वायफाय 6 चे राउटर बाजारात आले तेव्हा इंटेलच्या जुन्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या अनेक कार्डांना त्यांचे नेटवर्क दिसेना. राउटर आपल्या अस्तित्वाची घोषणा सेकंदाला साधारण दहा वेळा करत असतो. त्या घोषणेत एएक्सचा नवा मजकूर आला आणि जुना ड्रायव्हर गोंधळला. इंटेलनेच ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा सल्ला दिला. कार्ड बदलण्याची गरज नव्हती, पैसाही लागत नव्हता. मात्र ज्याला नेटच मिळत नाही त्याने ड्रायव्हर उतरवायचा कुठून? उत्तर खिशातच असते: मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा यूएसबी टेदरिंग. तेही जमले नाही तर राउटरवर एएक्स तात्पुरते बंद करावे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र जपून. 2018 मध्ये आलेले डब्ल्यूपीए3 हे सुरक्षा-मानक एकटेच निवडले तर जुनी कार्डे दारातच अडतात. डब्ल्यूपीए2 आणि 3 चा मिश्र पर्याय ठेवला की दोघांचे भागते. डब्ल्यूपीए2 2004 चे आहे, त्यामुळे वापरात उरलेले बहुतेक लॅपटॉप तिथवर पोहोचतात. त्याहून मागे, डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत पद्धतीपर्यंत जाऊन, एका यंत्रासाठी सगळ्या घराची कडी उघडी टाकू नये. त्या लॅपटॉपला केबल लावावी.

यातली एकही गोष्ट गिऱ्हाइकाला ठाऊक असावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. राउटर बसवायला आलेल्या माणसाने घरातले प्रत्येक यंत्र जोडून दाखवल्याशिवाय जोडणी पूर्ण झाली असे धरू नये, आणि राउटरच्या पासवर्डसह या चार सेटिंगचा मराठी कागद मागे ठेवावा. भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेलाही हेच लागू आहे. शाळा-पंचायतींसाठी संगणक घेताना निविदेत रॅम आणि डिस्कबरोबर दोन्ही पट्ट्यांचे कार्ड अशी एक ओळ घातली, तर वाढीव खर्च नाममात्र आहे. सेकंडहँड लॅपटॉप विकणाऱ्यांनी रॅमचा आकडा मोठ्या अक्षरात लिहायचा आणि कार्डाचे नाव गाळायचे, ही सवयही मोडायला हवी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स उघडले की ते नाव समोर येते. विकत घेण्याआधी दुकानातच पाहावे.

एवढे करूनही कार्ड बदलणेच भाग पडले, तर दुरुस्तीवाल्याला आधी विचारून घ्यावे. काही जुन्या लॅपटॉपचे बायोस कंपनीने मान्य केलेल्या कार्डांखेरीज दुसरे स्वीकारत नाही. इंटेलच्या एएक्स201 सारखी कार्डे खाचेत नीट बसतात, पण ठरावीक इंटेल चिपसेट नसेल तर चालत नाहीत. त्यांचेच एएक्स210 अशी अट घालत नाही. लॅपटॉप उघडण्याची जोखीम नको असेल तर दोन्ही पट्ट्यांचा यूएसबी डोंगल घ्यावा. तो लॅपटॉपला लावून राउटरशी जोडून पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.